रिकाम्या जागेचा उमेदवार

चिटणीस मुद्रणालय, फ्रीगंज, उज्जैन
विजयादशमी, २४ ऑक्टोबर

स्वस्ति श्री पुण्यपत्तननिवासिनी, कोथरूडप्रांताधीश्वरी, वज्रचुडेमंडित, सकलसौभाग्यसंपन्न, तृतीयमजलास्थितसदनिकास्वामिनी, उद्वाहकयंत्र बंद असताही जिना चढून जाणाऱ्या, लिंबाच्या लोणच्याविषयी अंतिम निर्णयाचा अधिकार राखणाऱ्या तीर्थस्वरूप सौ. विनोदिनीताई गुप्ते यांचे चरणी, अवंतिकानगरीतील चिटणीसकुलोत्पन्न, लग्नपत्रिकामुद्रणधुरंधर, मानपत्रमार्तंड आणि परवापासून विधानसभाभिलाषी अशा श्रीधर ऊर्फ भय्यासाहेब याचे साष्टांग नमस्कार. विज्ञापना ऐसी जे,

मी निवडणुकीला उभा आहे.

हे वाक्य पहिल्या ओळीत लिहायला हवे होते. परंतु आपले पूर्वज सरदारांच्या दफ्तरात मायने लिहीत. मजकूर दोन ओळींचा आणि मायना दीड पानाचा, ही कुलपरंपरा. दूरध्वनीवर सांगितले असते, तर तुला त्यावर ऐकू येत नाही आणि कानातले यंत्र डबीतून बाहेर काढण्यास तू राजी नाहीस. म्हणून हा पत्रप्रपंच.

घडले ते असे. सिंहस्थाच्या तयारीत आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या गल्लीचा रस्ता रुंद व्हायचा आहे आणि त्यात सभागृहाचा ओटा अकरा फूट आत जातो. अकरा फुटांनंतर सभागृहात सभा उरेल, गृह उरणार नाही. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष शैलेंद्र पोतनीस यांनी भोपाळात आपला माणूस पाठवण्याची प्रतिज्ञा केली आणि तो माणूस स्वतःच होण्याची तयारी दाखवली. उमेदवाराचे परिचयपत्रक लिहिण्याचे व छापण्याचे काम अर्थातच माझे.

माझी पद्धत तुला ठाऊक नसेल. मी मानपत्रे आगाऊ लिहून ठेवतो आणि नावाची जागा रिकामी सोडतो. "उच्चविद्याविभूषित, निःस्पृह, मितभाषी, समाजऋणाची जाणीव असलेले श्री. ______" हे सेवानिवृत्त मुख्याध्यापकाला चालते, वधूपित्याला चालते, आणि 'आहेत'चे 'होते' केले की श्रद्धांजलीलाही चालते. त्याच साच्यातून तीन हजार पत्रके छापून रविवारी मंडळात नेली. नाव रबरी शिक्क्याने उमटवायचे होते.

सभा सुरू होण्याआधी शैलेंद्राला कुणाचा तरी फोन आला, आणि फोन संपताच त्याला आपल्या रक्तदाबाचे स्मरण झाले. उमेदवार मावळला. पत्रके उरली. कुणीतरी म्हणाले, एवढा चांगला कागद वाया कसा घालवायचा? दुसऱ्याने पत्रक मोठ्याने वाचले. आणि सर्वांच्या माना, ताई, एकाच दिशेला वळल्या. ज्याने हे गुण इतक्या बारकाईने वर्णिले त्याच्यापाशीच ते असले पाहिजेत, असा त्यांचा तर्क.

मी नकार देण्यासाठी उभा राहिलो. आपल्या मंडळात जो उभा राहतो तो आभार मानायलाच उभा राहतो, अशी प्रथा आहे. टाळ्या झाल्या. मी आभार मानून खाली बसलो. पत्रकावर माझ्या नावाचा शिक्का बसला, आणि 'उच्चविद्याविभूषित' शब्दापुढे कुणीतरी भक्तिभावाने 'संस्कृत पदवीधर' हा दुसरा शिक्का मारला.

शुक्रवारी अर्ज. सोबत एक शपथपत्र द्यायचे असते, जन्मापासूनच्या समग्र चरित्राचे. ते कोठीवर, कलेक्टर कचेरीच्या फलकाला टाचणीने लावतात आणि कुणी वाचत नाही, असे ऐकतो. ही व्यवस्था मला मनापासून पसंत पडली.

भाऊजींना नमस्कार. मीना ठीक आहे. माझ्याशी बोलत नाही, हा ठीक असण्याचाच भाग.

तुझा,
भय्या

*

कोथरूड, पुणे
२९ ऑक्टोबर

चि. भय्यास अनेक आशीर्वाद.

मायना वाचता वाचता चहा गार झाला. लिफ्ट परवा दुरुस्त झाली, ती ओळ पुढच्या वेळी गाळ.

बातमी वाचली आणि ह्यांना झोपेतून उठवलं. हे म्हणाले, श्रीधर आमदार झाला तर कायदे वाचायला कोश लागेल. पण तेही खूश आहेत.

तुला पाहिजे तितकी थट्टा कर. मला ह्यात थट्टा दिसत नाही. अण्णांनी मला कॉलेजातून काढलं ते वर्ष मी विसरलेले नाही. पहिल्या वर्षाला संस्कृतात मी पहिली आले होते. अण्णा ओसरीवर बसून म्हणाले, "विनू, घरातनं एकच जण शिकेल. भय्या शिकेल." मी पुस्तकं तुझ्या टेबलावर नेऊन ठेवली आणि सहा महिन्यांत लग्न होऊन इकडे आले. पुढे तुझा पदवीचा फोटो आला, काळा झगा, हातात गुंडाळी. तो त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत आहे. घरं तीन बदलली, फोटो प्रत्येक घरात पहिल्यांदा लागला. कुणी विचारलं की मी म्हणते, हा आमच्या घरचा पदवीधर.

तर मंडळाने तुला उगाच नाही निवडलं. संस्कृतचा पदवीधर तिथे दुसरा आहे कोण? अण्णा चुकले नव्हते असं इतक्या वर्षांनी वाटलं. बरं वाटलं.

आणखी एक गंमत. आमची निहारिका म्हणते, आई, हल्ली उमेदवाराचा अख्खा कागद मोबाईलवर दिसतो, कोठीवर जायला नको. सुनेला असलं सगळं जमतं. येत्या रविवारी आमच्याकडे भजन आहे. भजन झाल्यावर ती तुझा कागद टीव्हीवर मोठा करून लावणार आहे. सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय.

मीनाला म्हणावं, बोल नवऱ्याशी. आमदाराशी अबोला बरा नाही.

तुझी,
ताई

*

फ्रीगंज, उज्जैन
३ नोव्हेंबर

स्वस्ति श्री भजनमंडळाधिष्ठात्री, दूरचित्रवाणीदर्शनोत्सुका, तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार.

हे पत्र वेगवान टपालाने पाठवत आहे. रविवारपूर्वी पोचावे ही महाकालचरणी प्रार्थना. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर बारीक अक्षरे वाचल्याने नेत्रांना अपाय होतो, असे मी विश्वसनीय ठिकाणी वाचले आहे. शिवाय शपथपत्र हा अत्यंत रूक्ष वाङ्मयप्रकार. भजनानंतर श्रोत्यांना तो ऐकवणे धर्माला धरून नाही. कार्यक्रम रहित करावा.

इकडचे वर्तमान. काल अर्ज मागे घेण्याचा अखेरचा दिवस होता, दुपारी तीनपर्यंत. मी मागे घेण्यास गेलो होतो. कारण विचारू नकोस. राजकारणात अंतरात्म्याचा आवाज म्हणून एक गोष्ट असते.

दोन वाजता कोठीवर पोचलो. सोबत तीन पानांचे निवेदन, रात्रभर खपून रचलेले. बाबूने पहिले पान आदराने वाचले. दुसरे पान वाचताना शेजारच्याला बोलावले. तिसऱ्या पानाआधी चष्मा काढून म्हणाला, "पंडितजी, भाषा तो बहुत सुंदर है। पर आप चाहते क्या हैं?"

मी म्हणालो, तिसऱ्या पानाचा शेवटचा परिच्छेद पाहावा.

तो त्याने पाहिला आणि टेबलाच्या खणातून एक छापील कागद काढला. अर्ध्या पानाचा. "बस ये छोटा-सा फारम भरना था।" घड्याळात दोन वाजून चोपन्न मिनिटे झाली होती. मी नाव लिहिले, मतदारसंघ लिहिला. इतक्यात माझे दहा प्रस्तावक शैलेंद्रासह दारातून आत आले, प्रत्येकाच्या हातात हार. तीननंतर चिन्हे वाटतात, त्यासाठी मी आधीच येऊन बसलो आहे असे समजून ते गहिवरले. पहिल्या हारात चष्मा गेला, चौथ्यात दृष्टी गेली. आणि तीन वाजले.

चिन्ह म्हणून मी लेखणीची निब मागितली होती. ती दुसऱ्या अपक्षाने नेली. मला प्रेशर कुकर मिळाला. शैलेंद्राने त्याच संध्याकाळी मीनाकडून आमचा पाच लिटरचा कुकर मागून नेला आणि सुतळीने ई-रिक्षाच्या टपावर बांधला. आता तो भोंग्यासह नानाखेड्यापर्यंत हिंडतो आणि आम्ही पातेल्यात भात करतो. दारावरून जाताना रिक्षावाला ओरडतो, "सीटी बजेगी, बदलाव आएगा!" आणि मीना खिडकी लावून घेते.

रविवारचे तेवढे लक्षात ठेव.

तुझा,
भय्या

*

कोथरूड
६ नोव्हेंबर

चि. भय्यास,

तुझं पत्र आज सोमवारी आलं. कागद काल पाहिला.

अकरा बायका होत्या. निहारिका मोठ्याने वाचत होती. वडिलांचं नाव, वय चौपन्न, व्यवसाय छपाई. मग शिक्षणाच्या रकान्यात "उच्चतर माध्यमिक, १९८६", आणि खाली काही नाही. ती थांबली. मी म्हटलं, छपाईची चूक असेल. मग आठवलं की छापखानेवाला तूच.

सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं. नंतर चहा झाला आणि त्या गेल्या.

एकच कळव. तो झगा कोणाचा होता?

उत्तर लिहिशील तेव्हा मायना नको.

ताई

*

उज्जैन
१० नोव्हेंबर

ताई,

झगा टॉवर चौकातल्या फोटोवाल्याचा होता. त्याच्याकडे एकच होता. उंच-बुटक्या सर्वांनी तोच घालायचा आणि मागून टाचण्या लावायच्या. हातातली गुंडाळी म्हणजे त्या महिन्याची पंचांगाची पाने.

मी शेवटच्या वर्षी नापास झालो. एका विषयात. तो विषय संस्कृत. हे वाक्य लिहायला मला चौतीस वर्षे लागली आणि ते किती आखूड आहे पाहा.

निकालाच्या दिवशी अण्णा दारातच उभे होते. मी सायकल लावत होतो. त्यांनी विचारले नाही, नुसते पाहिले, आणि मी मान हलवली. कशी हलवली हे मलाच आज सांगता येणार नाही. त्यांनी ती 'हो' अशी वाचली आणि आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. साखर ठेवल्यावर परत मान कशी हलवायची? पुढच्या आठवड्यात ते म्हणाले, फोटो काढून विनूला पाठव. ऑक्टोबरात फेरपरीक्षा होती. ती देऊन सगळे खरे करून टाकावे असे ठरवले होते. पण फोटो तोवर तुझ्या भिंतीवर लागला होता, आणि पदवीधर माणूस पुन्हा परीक्षेला बसताना गावात दिसला असता. मग मी छापखान्यात गेलो आणि इतरांना उच्चविद्याविभूषित करू लागलो.

शपथपत्र भरताना वकील म्हणाला, खोटे लिहाल तर खटला. खरे लिहावे तर तू. मी कायद्याला घाबरलो. तुला घाबरण्याची सवय जुनी आहे, म्हणून वाटले ते निभेल. मला खरोखर वाटले होते की ते फलकाला टाचतात आणि ऊन खाऊन कागद पिवळा पडतो.

आणि माघारीचे तुला पूर्ण सांगितले नाही. फॉर्म भरून झाला होता. फक्त सही राहिली होती. हार पडत असताना पेन हातातच होते. शैलेंद्र म्हणाला, "भय्यासाहेब, चिन्हाचाच अर्ज ना?" मी मान हलवली. या खेपेस कशी हलवली ते मला पक्के ठाऊक आहे.

मंडळाला अजून काही कळलेले नाही. इथे खरोखरच कुणी फलक वाचत नाही. मी रोज दारोदार जातो, लोक पत्रक वाचतात, 'संस्कृत पदवीधर' शिक्क्यावर बोट ठेवतात आणि वाकून नमस्कार करतात. काल भैरवगढमधल्या, कापडावर ठसे उमटवणाऱ्या एका छिप्याने रंगाचे हात मागे धरून सांगितले, "आप जैसे विद्वान आदमी को देखकर अच्छा लगता है।" मी शिक्का काढून टाकू शकत नाही, कारण तो मी मारलेला नाही, आणि बोलू शकत नाही, कारण मी मितभाषी असल्याचे वरच्याच ओळीत छापले आहे. मतदान सतरा तारखेला. तोवर मला घरी बसण्याचीही सोय नाही.

रागाव. फक्त उत्तर दे.

भय्या

*

कोथरूड
२२ नोव्हेंबर

चि. भय्यास,

भाऊबीजेला फोन केला नाही. मीनाचा आला होता, तिला म्हटलं आवाज येत नाही. यंत्र कानातच होतं.

आता नीट वाच. तू नापास झालास त्याचा मला राग नाही. माणसं नापास होतात.

फोटो आला त्याच उन्हाळ्यात ह्यांनी बाहेरून परीक्षा देण्याचा फॉर्म आणला होता. बी.ए.चा. हे म्हणाले, तुझं एक वर्ष झालंय, उरलेलं घरी बसून कर, पोराला मी सांभाळीन. टेबलावर चार दिवस तो फॉर्म पडून होता. मग पोस्टमनने तुझा फोटो आणला. मी ह्यांना म्हटलं, राहू दे, आमच्या घरातून एकाने शिकायचं होतं, तो शिकला. फॉर्मच्या कागदात फोटो गुंडाळून फ्रेमवाल्याकडे नेला.

तू खरं कळवलं असतंस तर मी बसले असते. एवढंच. हे अण्णांना सांगता येत नाही, म्हणून तुला सांगतेय. तू मान हलवलीस तेव्हा तुला वाटलं, ती साखरेच्या वाटीपुरती आहे. ती इथवर पोचली.

अण्णाही चुकलेच. हेही आता लिहून टाकते. इतकी वर्षं त्यांना बरोबर ठरवण्यात माझा बराच वेळ गेला.

फोटो उतरवला आहे. खिळा तसाच ठेवला आहे.

माझं संस्कृतचं पुस्तक, मी तुझ्या टेबलावर ठेवलेलं, निळ्या कापडी बांधणीचं, समासावर माझ्या पेन्सिलीच्या टिपा असलेलं, तुझ्याकडे असेल तर रजिस्टर पोस्टाने पाठव. हरवलं असेल तर तसं खरं कळव. निहारिकाने कसलासा फॉर्म आणलाय.

मतं किती पडली ते कळव. ह्यांना उत्सुकता आहे.

ताई

*

फ्रीगंज, उज्जैन
६ डिसेंबर

तीर्थस्वरूप ताईस नमस्कार. (एवढा मायना चालेल ना? याहून आखूड लिहिण्याची हाताला सवय नाही.)

पुस्तक सापडले. छापखान्यात, मानपत्रांच्या रद्दीखाली. आज रजिस्टर केले. पावती जपून ठेवली आहे.

बांधण्यापूर्वी ते उघडून पाहिले. तुझ्या टिपा एकशे बाराव्या पानापर्यंत आहेत. कुठे कोणता समास, कुठे अण्णा चुकीचा अर्थ सांगत, कुठे नुसते "पुन्हा पाहा". एकशे बाराव्या पानावर, ज्या दिवशी तू अभ्यासावरून उठलीस त्या दिवशी, अर्धी ओळ आहे आणि पुढे समास कोरा. मी पहिल्या वर्षी त्याच टिपांवर पास झालो होतो. पुढची पाने मी कधी उलटली होती की नाही ते ठाऊक नाही. दोन तर अजून वरून जोडलेलीच निघाली. मी सुरीने कापली नाहीत. ते काम तुझे.

मते चारशे बारा. अनामत गेली. भाऊजींना सांग, त्यांचा कोश वाचला.

निकालानंतर मंडळाच्या सभेत मी पुन्हा उभा राहिलो. टाळ्या सुरू होण्याआधी म्हणालो, मी पदवीधर नाही, बी.ए. नापास आहे, विषय संस्कृत. मग शैलेंद्र उठला आणि म्हणाला, अशी विनयशीलता आजच्या राजकारणात दुर्मीळ आहे. टाळ्या झाल्या. इतिवृत्तात 'विनयशील' असे नोंदले गेले. मी दोनदा हरकत घेतली, ती इतिवृत्तात 'हृद्य मनोगत' म्हणून आहे. शपथपत्राची प्रत घेऊन पुन्हा गेलो, तर म्हणाले, ती ठेवा, मंडळाच्या स्मरणिकेत छापू. तिथल्या माणसांपुढे खरे ठरण्याचा उपाय मला अजून सापडलेला नाही. निदान तू वाचले आहेस.

ओट्याचे म्हणशील तर अकरा फुटांवर चुन्याची रेघ मारून गेले आहेत. निवडून आलेले गृहस्थ भोपाळात असतात, म्हणून लोक सकाळी सातपासून माझ्या दारात. नळाला पाणी नाही, दिवा लागत नाही, पेन्शन अडली. मी म्हणतो, मी हरलो आहे. ते म्हणतात, "नेताजी, हमने तो आप ही को वोट दिया था।" मते चारशे बारा पडली, दारात सहाशे माणसे येऊन गेली. पुढच्या खेपेची पत्रके छापायला घ्या, असेही सांगून जातात. मी नकाराला उठत नाही. आता बसूनच बोलतो. तरीही टाळ्या होतात.

मीना बोलू लागली आहे. पहिले वाक्य तुला कळवतो, कारण त्यात तुझाही उल्लेख होता: "ताईंना सांगा, त्यांचा भाऊ खरं बोलायला लागलाय, पण त्याने भात शिजत नाही."

कारण कुकर रिक्षावरून परत आला, पण त्याची शिट्टी आली नाही. रिक्षावाला म्हणतो शैलेंद्राकडे असेल. शैलेंद्र म्हणतो मिरवणुकीत नानाखेड्याच्या वळणावर पडली असेल. भांडीवाला म्हणतो हे मॉडेल बंद झाले, याची शिट्टी सुटी मिळत नाही, नवा कुकर घ्या. मीना म्हणते, नवा घेणार नाही, माझी शिट्टी आणा. मी काल नानाखेड्यापर्यंत रस्त्याकडेने पाहत गेलो. लोकांना वाटले प्रचार सुरू झाला, दोघांनी हार घातले. तुमच्या पुण्यात पाच लिटरच्या जुन्या कुकरची शिट्टी सुटी मिळते का? वजनदार हवी, पितळी टोकाची. हलकी चालत नाही, वाफ बाजूने जाते.

तुझा,
भय्या